मार्ग विकत घ्यायचा म्हणजे नक्की काय घ्यायचे?

बडोद्यात पेपरची लाईन विकली जाते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. दांडिया बाजारातल्या शे-दीडशे घरी रोज पेपर टाकणारा माणूस थकला, की ती घरे तो ठरावीक रकमेला दुसऱ्याच्या हवाली करतो. घरे काही त्याच्या मालकीची नसतात. पण महिनाअखेरीस बिल घेऊन दारात जायचा हक्क त्याबरोबर मिळतो, म्हणून पैसे मोजले जातात. अमेरिकेत पार्सल पोहोचवण्याचे मार्गही असेच विकले जातात. आम्ही ओहायोत राहतो. माझ्या धाकट्या दिराने २०२२ साली असे सहा मार्ग घ्यायचे ठरवले आणि विकणाऱ्याने दिलेला हिशेब माझ्यापुढे ठेवला. आपल्या शाळेतून वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या मुलामुलींना तो हिशेब वाचायला आवडेल, असे वाटते.

मार्ग होते फेडेक्स ग्राउंडचे. हा धंदा १९८५ मध्ये पिट्सबर्गला ‘रोडवे पॅकेज सिस्टिम’ नावाने सुरू झाला. १९९८ मध्ये फेडेक्सने तो घेतला आणि २००० मध्ये त्याचे नाव बदलले. पहिल्यापासून पद्धत अशी, की गाडी चालवणारा कंपनीचा नोकर नाही, तो स्वतंत्र ठेकेदार. गाडी त्याची, डिझेल त्याचे, दुरुस्ती त्याची; गणवेश, बोधचिन्ह आणि नियम मात्र कंपनीचे. शेवटी चालक कोर्टात गेले. कॅलिफोर्नियातले सुमारे २,३०० चालक हे नोकरच होत, असा निकाल २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दिला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने २२ कोटी ८० लाख डॉलर देऊन तो वाद मिटवला. याच काळात पद्धतही बदलत गेली. आता एकट्या माणसाला एक मार्ग घेता येत नाही. स्वतःची कंपनी काढायची, निदान पाच मार्ग किंवा दिवसाला ५०० थांबे सांभाळायचे, आणि चालक आपले नोकर म्हणून ठेवायचे. त्यांचा पगार, कर, विमा सगळे आपल्या माथी. (नोकर कोणाचे, हा प्रश्न असाही सोडवता येतो!)

विकणाऱ्याच्या कागदावर वर्षाची शिल्लक १,४०,००० डॉलर होती. अशा व्यवहारात साधारण शिलकीच्या तिप्पट किंमत सांगतात, म्हणून मागणी ४,२०,००० ची. मी एकच गोष्ट विचारली: सहा मार्गांना चालक पाचच कसे? सहावी गाडी मालक स्वतः चालवत होता आणि स्वतःचा पगार खर्चात धरत नव्हता. त्या जागी माणूस ठेवला तर पगार, कर, विमा मिळून वर्षाला ५२,००० लागणार. सहापैकी दोन गाड्या दोन लाख मैलांच्या पुढे गेलेल्या, पण नव्या गाड्यांसाठी बाजूला काहीच काढलेले नव्हते. त्याचे १८,००० धरले. उरले ७०,०००. कागद खोटा नव्हता. त्यात खोटे असे काही लिहिलेलेच नव्हते.

दुसरी गोष्ट हिशेबात मांडता येण्यासारखी नव्हती. पेपरवाल्याला घरे ओळखतात. इथे पार्सल घेणारा कंपनीचा, पाठवणारा कंपनीचा, आणि करार ठरावीक मुदतीचा. तो संपला की नव्याने दर ठरवायचे. मार्ग दुसऱ्याला विकायचा तरी कंपनीची संमती लागते. आमची ही चर्चा चालू असतानाच ऑगस्ट २०२२ मध्ये स्पेन्सर पॅटन या ठेकेदाराची बातमी आली. दहा राज्यांत दोनशेहून अधिक मार्ग असलेल्या या माणसाने वाढत्या इंधन व पगारखर्चासाठी जास्त मोबदला जाहीरपणे मागितला. कंपनीने त्याचे करार रद्द केले आणि त्याच्यावर दावाही लावला. कोण बरोबर, ते मी सांगणार नाही. पण विकत काय घेतो आहोत, ते त्या बातमीवरून कळले: गाड्या, चालकांची सवय, आणि एक मुदतीचा कागद.

पैशासाठी बडोद्याच्या घरातला आपला हिस्सा विकायचा, असे दिराच्या मनात होते. सासूबाई त्या घरात राहतात. मी म्हटले, “भाऊजी, हिस्सा एकदाच विकता येतो, करार दर दीड-दोन वर्षांनी बदलतो.” ते म्हणाले, “वहिनी, अकरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली. चालकाला वेळेवर पगार आणि एक सुट्टी देणारा मालक कसा असतो, ते मला करून बघायचंय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

घर विकले नाही. दोन महिने घासाघीस होऊन २,६०,००० ला व्यवहार झाला, निम्मे बँकेचे कर्ज. पहिला डिसेंबर फार कठीण गेला. नाताळच्या गर्दीत दोन चालक सोडून गेले आणि दीर स्वतः पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडीवर. जून २०२४ मध्ये फेडेक्स ग्राउंड मूळ कंपनीत विलीन झाली. सासूबाई फोनवर दर वेळी विचारतात, “आज किती घरं झाली रे?” दीर आकडा सांगतात. परवाचा आकडा ६१२ होता. कर्जाची अजून तीन वर्षे आहेत.