अंक छापायला गेल्यावर

मुद्रितशोधकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, आषाढात होतं. दिवाळी अंकांचा मजकूर त्या सुमाराला यायला लागतो, श्रावणात वेग धरतो आणि गणपती उठले की डोकं वर काढायला सवड राहत नाही. एका अंकाची कथा, दुसऱ्याची परिचर्चा, तिसऱ्याचं राशिभविष्य, सगळं एकाच टेबलावर. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली. माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा आजही त्या एका सणाला बांधलेला आहे. नवरात्रात शेवटची पानं प्रेसला जातात, कोजागरीपर्यंत फोन थंडावतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेजारच्या काकू फराळाचं ताट हातात देताना विचारतात, “काय गं, आता निवांत ना?”

नोकरदाराच्या सुट्टीत पगार चालू असतो. माझ्या सुट्टीत मागची बिलं थकलेली असतात आणि पुढचं काम दिसत नसतं. असा काळ वर्षातून दोनदा येतो. एक दिवाळीनंतरचा, दुसरा मार्चअखेरीपासून मृगापर्यंतचा. पुण्यात २०२३पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरायला लागल्यावर प्रकाशकांची नवी पुस्तकं त्या मुहूर्तावर निघतात, त्यामुळे पहिला काळ थोडा आक्रसला आहे. दुसरा मात्र होता तसाच लांबलचक आणि उकाड्याचा.

घरून काम करणाऱ्या बाईचा रिकामा वेळ मुळात तिच्या हाती लागतच नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. कामाच्या दिवसांत ‘तिला त्रास देऊ नका’ म्हणणारी माणसंच फोन थंडावला की यादी घेऊन येतात. गॅसची केवायसी, नणंदेच्या मुलीच्या प्रवेशाचे फॉर्म, चुलत सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं. यातलं काहीच चुकीचं नाही, आणि नाही म्हणता येईल असंही नाही. पण हे सगळं केल्यावर जो उरतो तो वेळ नसतो, थकवा असतो. म्हणून मी एक केलं. काम असो वा नसो, सकाळी दहा ते एक टेबलाशी बसायचं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, हातात काम नाही हे सांगायचंच नाही. त्या फोनवर परस्पर सांगून टाकतात, “ती कामात आहे, दुपारी कर.” पहिल्या वर्षी मला हे नाटक वाटायचं. पुढे त्या तीन तासांत खरंच कामं व्हायला लागली.

मात्र मोकळ्या दिवसांत काय करू नये, याबद्दलही माझं ठाम मत आहे. कमी दराचं काम घेऊ नये. हे प्रस्ताव नेमके याच दिवसांत येतात. “आत्ता तुम्ही मोकळ्याच असाल, तर पानामागे जरा कमी लावा ना.” जाडजूड आत्मचरित्र असतं, लेखक निवृत्त अधिकारी असतात आणि प्रत्येक बदलीचं गाव एकेक प्रकरण असतं. रिकाम्या टेबलाची भीती वाटत असते, त्यामुळे ‘द्या’ म्हणावंसं वाटतं. पण कार्तिकात उतरवलेला दर पुढच्या आषाढात आपोआप चढत नाही. शिवाय असं काम कधी वेळेत संपत नाही. चांगलं काम दारात येतं, तेव्हा हे वाटेत आडवं पडलेलं असतं. त्यापेक्षा एखादा दिवस आप्पा बळवंत चौकात जाऊन दोन प्रकाशकांकडे चहा पिऊन यावं. काम मागायचं नाही, नुसतं दिसायचं. या धंद्यात कामं बरीचशी आठवणीवर दिली जातात आणि जो नुकताच दिसला तोच आठवतो.

मोकळ्या दिवसांहून वाईट असतो अडकलेला वेळ. त्याची दखल कुणी घेत नाही. पहिलं प्रूफ लेखकाकडे गेलंय, ‘उद्या देतो’ म्हणालेत, आणि तो उद्या तुकड्यातुकड्यांनी येतोय. दुसरं काम हातात घ्यावं, तर मध्येच हे परत येणार. न घ्यावं, तर दिवस जाणार. अशा वेळी काही मोठं, डोक्याचं काम करायला जाऊ नये. सुचत नाही, आणि सुचायला लागलं की फोन वाजतो. मी टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर फक्त अशी कामं लिहिते जी कुठेही सोडली तरी बिघडत नाहीत. फायलींना धड नावं देणं, कारण ‘फायनल’, ‘फायनल नवी’ आणि ‘खरी फायनल’ या तिन्ही एकाच फोल्डरात नांदत असतात. जुन्या कामांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढणं. कुणाकडून किती येणं आहे ते लिहिणं. बिलातून दहा टक्के टीडीएस कापलेल्यांनी तो खरोखर माझ्या पॅनवर भरलाय का, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर बघणं. हे शेवटचं काम दर तिमाहीला करावं. कापलेली रक्कम तिथे दिसली नाही, तर लगेच विचारलेलं बरं. वर्षभराने विचारलं तर समोरच्यालाच काही आठवत नाही.

याच कागदावर बरेच दिवस ‘उद्यम’ असा एक शब्द पडून होता. एका प्रकाशनसंस्थेने अंकाचे पैसे दिवाळीला देतो म्हणून पुढच्या होळीपर्यंत ताटकळवलं, तेव्हा तो शब्द वर सरकला. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची ही सरकारी नोंदणी सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. आधार, पॅन आणि स्वतःचं घोषणापत्र, एवढ्यावर ती होते. सगळं ऑनलाइन आणि फुकट. २००६च्या कायद्यानुसार, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, तेही दर महिन्याच्या हिशेबाने. शिवाय एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या बदलामुळे मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्याला आपल्या करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. त्यांच्या हिशेबनिसाला व्याजापेक्षा हेच जास्त टोचतं. माझं ते जुनं बिल नोंदणीमुळे वसूल झालं नाही, कारण काम नोंदणीच्या आधीचं होतं. आधी नोंदणी, मग काम, हा क्रम महत्त्वाचा. आता बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असतो. मी त्याबद्दल कुणाला एक अक्षर बोलत नाही, पण पैसे पूर्वीपेक्षा लवकर येतात.

मोठ्या रिकाम्या काळाची गोष्ट वेगळी. तिथे किरकोळ कामं पुरत नाहीत, आणि ‘काहीतरी नवीन शीक’ हा सल्ला तर अजिबात पुरत नाही. मी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या वाटेला गेले नाही. त्याऐवजी संपलेल्या हंगामात मला रोज कशाने छळलं, हे आठवून बघितलं. उत्तर लगेच मिळालं. ‘करणाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला सांगितलं की संगणक एक शोधतो आणि दुसरा खुशाल सोडून देतो. ‘ॲ’चीही तीच तऱ्हा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमधला मजकूर रूपांतर करून आणला, की ठरावीक जोडाक्षरं हमखास फुटतात. अवतरणचिन्हं एका बाजूने वळलेली, दुसऱ्या बाजूने सरळ. विरामचिन्हाआधी जागा सुटलेली. हे सगळं मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी टिपत होते. ते डोळ्यांचं काम नव्हेच.

मग एक अख्खी दिवाळीनंतरची मोकळीक वर्डमधल्या शोधा-बदला आणि मॅक्रोच्या मागे घालवली. आधी मागच्या अंकांच्या फायली काढून पुन्हा पुन्हा येणारे दोष एका तक्त्यात मांडले. मग कोणता दोष आंधळेपणाने बदलता येईल आणि कोणता विचारून, हे ठरवलं. शब्द यांत्रिकपणे बदलायला मी मुळीच लावत नाही, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ दोन्ही मराठीत आहेत. यंत्राने फक्त चिन्हं, जागा आणि फुटलेली अक्षरं सांभाळायची. प्रत्येक प्रकाशकाच्या आवडीनिवडींचं वेगळं पान केलं: कुणाला ‘म्हणाली’ आधी स्वल्पविराम हवा, कुणाला आकडे अक्षरी हवेत. पुढच्या हंगामात मजकूर आला की आधी मॅक्रो फिरायचा आणि मग मी वाचायला बसायचे. पहिल्याच वाचनात डोळे वाक्यावर राहायला लागले. पात्राचं नाव तिसऱ्या पानावर सुलभा आणि सातव्यावर सुनंदा झालंय, हे तेव्हा दिसतं.

नंतरच्या एका मे महिन्यात सूची करायला शिकले. ज्या भाषेत शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या ग्रंथांची सूची करून ठेवली, त्या भाषेतली जाडजूड चरित्रं अजून सूचीविना निघतात, याचा मला राग येतो. घरात पडलेलं एक चरित्र घेतलं आणि कुणी सांगितलेलं नसताना त्याची व्यक्तिनामसूची करायला बसले. नावं गोळा करून अकारविल्हे लावली की झालं, असा माझा समज होता. गोविंदाग्रज आणि बाळकराम दोघेही राम गणेश गडकरीच. मग तीन नोंदी की एक? विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर आणि लग्नाआधीच्या बाळूताई खरे. चरित्रात ज्या वर्षाचा प्रसंग असेल त्याप्रमाणे त्या वेगवेगळ्या नावांनी येणार, आणि वाचक नेमक्या कोणत्या नावाने शोधेल हे सांगता येत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपण शाळेत ‘ळ’नंतर म्हणतो, पण संगणक त्यांना ‘क’ आणि ‘ज’खाली लावतो. सूचीत कुठे ठेवायचे, हे ठरवावं लागतं आणि एकदा ठरवलं की शेवटपर्यंत पाळावं लागतं. बायकांच्या नावांपाशी मी सर्वांत जास्त वेळ अडले. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलणाऱ्या समाजाची सूची करणं सोपं नाही. तो नमुना दोन प्रकाशकांना पाठवला. एकाने उत्तरही दिलं नाही. दुसरीकडून अजून सूचीची कामं येतात आणि तिचा दर मी प्रुफापेक्षा वेगळा लावते.

अलीकडे मात्र मी उन्हाळ्यातल्या दुपारी ज्याचे पैसे मिळत नाहीत असं काम करते. मराठी विकिस्रोत नावाचं मुक्त ग्रंथालय आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथे स्कॅन करून ठेवतात. यंत्राने ओळखलेला मजकूर एका बाजूला आणि छापील पानाचं चित्र दुसऱ्या बाजूला. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. आपणच पिवळं केलेलं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. प्रूफ दोन वेगळ्या डोळ्यांखालून जावं, हा आमच्या धंद्यातला जुना नियम तिथे यंत्रानेच पाळायला लावला आहे. छापखान्यांमध्ये आता खर्च वाचवायला हीच पायरी गाळतात.

हे काम दिसायला सोपं आणि करायला अवघड आहे. शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण ही पुस्तकं त्याआधीची. ‘घरांत’, ‘नांव’, ‘केलें’, ‘कीं’ हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं. माझी बोटं सवयीने अनुस्वार पुसायला धावतात आणि मला त्यांना आवरावं लागतं. लेखकाने आणि त्या काळच्या छापखान्याने जे ठेवलं ते तसंच राहू द्यायचं, फक्त यंत्राने जिथे ‘ध’चा ‘घ’ केलाय तो परत ‘ध’ करायचा. यातून एक फायदा झाला, तो मी योजलेला नव्हता. काय असायला हवं होतं ते न वाचता समोर काय आहे ते वाचायची सवय लागली. दिवाळी अंकांच्या गर्दीत, रात्री उशिरा, लेखकाच्या वाक्यात आपलं वाक्य घुसवायचा मोह होतो. तो माझा बराच कमी झाला आहे, असं दोन संपादकांनी बोलून दाखवलं. पैसे म्हणाल तर या कामातून काही मिळालेलं नाही आणि मिळायचंही नाही.

तिथे लाल पानं अजून पुष्कळ पडून आहेत. तुम्ही कोणत्याही धंद्यातले असा, मराठी नीट वाचता येत असेल आणि एखादी दुपार मोकळी असेल, तर दोन पानं करून बघा. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. जुनं शुद्धलेखन तेवढं सुधारू नका.