आमच्या गावाचा ‘चुकलेला’ आकडा

आमचे गाव लासूर स्टेशन. तालुका गंगापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. परंतु पिनकोड 423702! शहराचा 431001, गंगापूरचा 431109, मग आमच्याच वाट्याला हे 423 कोठून आले? गेल्या वर्षी नोकरीचा अर्ज भरताना मला वाटले, ही कोणा कारकुनाची जुनी चूक असावी. मोठ्या शहाणपणाने मी ती दुरुस्त केली आणि 431109 लिहिले. मुलाखतीचे पत्र गंगापूर फिरून हाती पडले, तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते.

“नंबर कशाला बदललास रे बाबा?” पोस्टमनकाका म्हणाले.

“पण काका, तो असा का आहे?”

“ते काय ठाऊक! मी नोकरीला लागलो तेव्हापासून असाच आहे.”

मग मीच शोध घेऊ लागलो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याची आखणी केली केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा विभाग दाखवतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. म्हणजे हा आकडा जिल्ह्याचा नव्हेच, तो टपालाच्या वाटेचा! यादी पाहिली: मनमाड 423104, मालेगाव 423203, अहिल्यानगर जिल्ह्यातले कोपरगाव 423601, वैजापूर 423701. जिल्हे तीन, पण सारी गावे मनमाडच्या आसपासची. आमचे स्टेशनही मनमाडहून येणाऱ्या लोहमार्गावरच. आमचे टपाल त्या वेळी मनमाडच्या गाडीने येत असावे, असा माझा तर्क. लेखी कारण मात्र कोठे सापडले नाही.

पुण्यात एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या मावसभावाला हे सांगितले, तर तो हसतच सुटला. “आमचे रोज हेच! कोणीतरी दहा वर्षांपूर्वी एक ओळ बदललेली असते. का, ते कोणालाच ठाऊक नसते. निरुपयोगी समजून काढावी, तर भलत्याच शाखेची पत्रे अडतात.”

मला वाटते, ज्याने निर्णय घेतला त्याला कारण इतके उघड दिसत होते, की ते लिहून ठेवावे असे त्याच्या मनातही आले नसेल. माणूस निवृत्त होतो, आकडा राहतो. आणि मागाहून आलेला माझ्यासारखा शहाणा त्याला चूक म्हणतो.

आता अर्जावर मी निमूटपणे 423702 लिहितो. आणि वहीत काही खोडलेच, तर शेजारी लिहून ठेवतो: का खोडले.