फॉरमॅट मारण्याआधी

नारायण पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत. आतल्या खोलीतल्या मशीनवर पानं लागतात, दाराजवळच्या जुन्यावर बिलं आणि मेल. गणपती जवळ आले की दिवाळी अंकांचं काम चढत जातं, आणि नेमकं त्याच सुमाराला आतल्या मशीनने मान टाकली. बंद पडलं नाही. बंद पडलं असतं तर कोणाला बोलावून दाखवता तरी आलं असतं. ते चालू असायचं आणि काम करायचं नाही.

सकाळी दहाला सुरू केलं की साडेअकरापर्यंत त्याला हात लावण्यात अर्थ नसे. पेजमेकर उघडायला सांगितला की खिडकी यायची, पांढरी पडायची आणि वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटायचं. (हो, पेजमेकर. २००१ साली आलेली ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती. दोन जुन्या मासिकांचे साचे अजून त्यातच आहेत, म्हणून तो आहे. हसणाऱ्यांनी हसावं.) कॅबिनेटमधून हार्ड डिस्कची खरखर अखंड चालू. दुपारनंतर जरा बरं चालायचं, पण फाईल सेव्ह करायची म्हटलं की माउसचा बाण गोल गोल फिरत बसायचा. एका कथेच्या तिसऱ्या प्रुफाच्या दुरुस्त्या करताना आमचा ऑपरेटर दर सेव्हला उठून गॅलरीत जाऊन यायला लागला.

हार्डवेअरवाल्या मुलाला फोन केला. त्याने मशीन न बघताच सांगितलं, “काकू, व्हायरस असणार. फॉरमॅट मारू, संध्याकाळपर्यंत नवीन करून देतो.”

हे नवीन करून देणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो, त्या डोंगलचा ड्रायव्हर ज्या सीडीवर होता ती सीडी घासली गेली आहे. ऑपरेटरची बोटं ज्या कीबोर्डच्या मांडणीला सरावली आहेत ती पुन्हा हाताने बसवावी लागते. प्रिंटरचं जुळवण्यात एक दिवस जातो. आणि एवढं करून एखादा फॉन्ट राहिलाच, तर मागच्या वर्षीच्या अंकातली सगळी जोडाक्षरं फुटून चौकोन दिसायला लागतात. दिवाळी अंकाच्या हंगामात फॉरमॅट म्हणजे अंक दिवाळीनंतर काढण्याची तयारी.

व्हायरसची शंका मात्र अगदीच हवेतली नव्हती. आमच्याकडे लेखक पेन ड्राइव्ह घेऊन येतात. एके काळी पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी तेवढेच शॉर्टकट दिसणं ही रोजची गोष्ट होती. फोल्डर कुठे जायचे नाहीत, व्हायरस त्यांना लपवून ठेवायचा आणि वर स्वतःचे शॉर्टकट मांडायचा. काळी खिडकी उघडून ‘अॅट्रिब’ची कमांड टाकून लपलेले फोल्डर परत आणणं डीटीपीवाल्यांना पानं लावण्याइतकंच सवयीचं झालं होतं. मी ती कमांड एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली होती. विंडोजने पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होण्याची सोय बंद केल्यावर आपोआप पसरणारं बरंचसं थंडावलं. पण भीती राहिली, आणि त्या भीतीपोटी दरवर्षी अँटीव्हायरसचे पैसे भरणं चालू राहिलं.

माझी भाची हिंजवडीला आयटीत आहे. गौरीजेवणाला आली होती, तिला ताटावरच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, फॉरमॅट काय, कधीही मारता येतो. आधी ते मशीन सकाळभर करतंय काय, ते तरी बघू या.” दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, ती सकाळी ऑफिसात येऊन बसली.

मशीन सुरू झाल्याबरोबर तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूचा रकाना जवळजवळ रिकामा. मेमरी निम्मीही भरलेली नाही. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि तो आकडा हलायला तयार नाही. म्हणजे मशीन विचार करण्यात गुंतलेलं नव्हतं, ते वाचण्यात गुंतलेलं होतं. डिस्क स्वतःच मरायला टेकली असेल तरी हेच दिसतं, म्हणून तिने आधी डिस्कची तब्येत सांगणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालवलं. डिस्क ठणठणीत निघाली. मग रिसोर्स मॉनिटर उघडला. त्यात डिस्कच्या भागात कोणता प्रोग्रॅम या क्षणी कोणती फाईल वाचतोय हे नावानिशी दिसतं. इतकी वर्षं विंडोज वापरून मला हे माहीत नव्हतं, आणि मला वाटतं मशीन दुरुस्त करणाऱ्या पुष्कळांनाही नसतं.

यादीत सगळ्यात वर आमचा विकतचा अँटीव्हायरस होता, आणि तो वाचत होता ‘जुने अंक’ नावाचा फोल्डर. २०११ पासूनचा प्रत्येक अंक आम्ही झिप करून त्यात ठेवतो. तो एकेक झिप उघडत होता, आतला एकेक फोटो आणि पान तपासत होता आणि पुढच्या झिपकडे जात होता. सकाळी, कामाच्या वेळी, रोज.

“रोज का?” मी विचारलं.

भाचीने त्याच्या सेटिंगमध्ये शिरून दाखवलं. पूर्ण स्कॅन रोज रात्री दोन वाजता लावलेला होता. कागदावर अगदी शहाणपणाची वेळ. आम्ही रात्री मशीन बंद करून बटणही बंद करतो. खाली आणखी एक खूण केलेली होती: ठरलेला स्कॅन चुकला तर मशीन सुरू होताच करावा. म्हणजे रात्रीचा स्कॅन रोज चुकत होता आणि रोज सकाळी दहाला वसूल होत होता. कंपनीने बहुधा घरच्या चालूच राहणाऱ्या मशीनचा विचार केला असावा, पेठेतल्या वीजबिलाचा नव्हे. तिने तो स्कॅन शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा असा लावला आणि त्यातून झिप फायली वगळल्या. झिप बंद असते तोवर आतला व्हायरस काही करू शकत नाही. ती उघडून फाईल बाहेर काढली की त्या क्षणी अँटीव्हायरसचा पहारा तिला तपासतोच.

सकाळ सुटली. सेव्ह करतानाचा अडथळा तसाच राहिला.

इथे भाचीला जरा वेळ लागला. आपण एखादी फाईल उघडतो तेव्हा ती मागणी डिस्कपर्यंत सरळ जात नाही. वाटेत छोटे ड्रायव्हर बसलेले असतात, त्यांना फिल्टर म्हणतात. अँटीव्हायरसचा फिल्टर मागणी थांबवतो, फाईल तपासतो, मग पुढे सोडतो. तिने अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडली आणि ‘एफएलटीएमसी’ एवढीच कमांड टाकली. सगळ्या फिल्टरांची यादी आली, प्रत्येकापुढे एक आकडा. तो आकडा म्हणजे या उतरंडीतली जागा. मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरससाठी ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा राखून ठेवला आहे, त्यामुळे नाव ओळखीचं नसलं तरी आकड्यावरून जात कळते. त्या पट्ट्यात आमच्या विकतच्या अँटीव्हायरसचा फिल्टर होता. आणि त्याच्याच खाली दुसऱ्याच एका कंपनीचा.

तो कुठून आला ते मला लगेच आठवलं. उन्हाळ्यात हार्डवेअरवाला येऊन गेला होता तेव्हा “तुमचा पकडत नाही काकू, हा फुकटचा भारी आहे” म्हणून त्याने एक घातला होता, आणि मी कुरकुर केल्यावर कंट्रोल पॅनेलमधून काढलाही होता. आयकॉन गेला, नाव गेलं, ड्रायव्हर राहिला. एकाच एसटीत दोन कंडक्टर, दोघंही दर थांब्याला गाडी उभी करून सगळ्यांची तिकिटं बघणार, तर गाडी स्वारगेटहून कात्रजला कधी पोचायची? त्यातला एक तर नोकरीवरून काढलेला.

विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतो. तो मात्र या बाबतीत समजूतदार आहे, दुसरा अँटीव्हायरस रीतसर नोंदला गेला की स्वतःचा पहारा आपणहून थांबवतो. दोन विकतचे किंवा दोन फुकटचे एकमेकांना अशी वाट देतीलच असं नाही. असा उरलेला भाग काढायला बहुतेक कंपन्या आपलं वेगळं रिमूव्हल टूल देतात. भाचीने ते त्या कंपनीच्याच साइटवरून घेतलं, मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं, टूल चालवलं, पुन्हा सुरू करून यादी पाहिली. पट्ट्यात एकच नाव उरलं. ऑपरेटरने सेव्ह दाबलं आणि सवयीने उठायला लागला, पण तोवर फाईल सेव्ह झाली होती.

त्यानेच मग विचारलं, “ताई, हा पण काढूनच टाकू या ना? अजून फास्ट होईल.”

भाची एकदम म्हणाली, “अजिबात नाही.” मग तिने त्याला मे २०१७ मधल्या वॉनाक्राय व्हायरसची गोष्ट सांगितली. एका मशीनमधून नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये आपोआप शिरून सगळ्या फायली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागायची. ब्रिटनमधल्या इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं, ते ज्यांनी घेतलं नव्हतं ते सापडले. ऑपरेटरने ‘जुने अंक’ फोल्डरकडे पाहिलं आणि पुढे काही बोलला नाही. त्या संध्याकाळी मी त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क घरी नेली. ते अँटीव्हायरसच्या प्रश्नात बसत नाही, पण नेली.

उरला फॉन्ट मॅनेजरच्या संथपणाचा प्रश्न. आमच्या डी ड्राइव्हवर फॉन्टचं मोठं घराणं आहे. एकेका कुटुंबात साधा, ठळक, तिरका, नक्षीचा अशा कितीतरी फायली. फॉन्ट मॅनेजर उघडला की तो नमुने दाखवायला त्या सगळ्या उघडतो, आणि अँटीव्हायरस प्रत्येकीला थांबवतो. आमची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेणारी जुन्या पद्धतीची. एक फेरा आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त, त्यात वाचणारं टोक योग्य जागी सरकायचा वेळ. विखुरलेल्या लहान फायली असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरेक वेळा उडी मारू शकते, फार नाही. मोठी एक फाईल तिला परवडते, हजार चिल्लर फायली परवडत नाहीत. भरीला अँटीव्हायरसला एकदा तपासलेली फाईल लक्षात राहते, पण नवं अपडेट आलं की ती आठवण पुसली जाते, आणि अपडेट तर दिवसातून अनेकदा.

सोपा उपाय म्हणजे तो फोल्डर तपासणीतून वगळायचा. भाची इथेही अडली. फॉन्टमधूनही हल्ला होऊ शकतो, २०११ मध्ये सापडलेल्या डुकू नावाच्या व्हायरसने वर्ड फायलीत दडवलेल्या फॉन्टचाच वापर केला होता. शेवटी आमचं असं ठरलं: जुना, वर्षानुवर्षं न बदललेला फॉन्टचा फोल्डर एकदा पूर्ण तपासून मग वगळायचा. बाहेरून आलेला नवा फॉन्ट आधी डाउनलोडमध्ये उतरवायचा, तपासायचा, मगच आत न्यायचा. डाउनलोड, टेम्प आणि पेन ड्राइव्ह कधीही वगळायचे नाहीत. वगळण्याच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकून ‘मशीन फास्ट केलं’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा अँटीव्हायरसचे पैसे भरू नयेत.

एवढं कापल्यावर पहारा जागा आहे ना, हे बघायला हवंच होतं. त्यासाठी ‘आयकार’ची चाचणी फाईल असते. ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ, सगळ्या अँटीव्हायरसांनी तिला व्हायरस म्हणून पकडायचं असं आपसांत ठरलेलं. भाचीने ती डाउनलोडमध्ये ठेवायचा प्रयत्न केला आणि ती ठेवता आली नाही, कोपऱ्यात लाल पाटी आली. फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवली तर कोणी हूं की चूं केलं नाही. वगळलं म्हणजे किती वगळलं, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

हार्डवेअरवाला नंतर आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकू, एसएसडी टाका, हे काहीच करावं लागत नाही.” त्यात तथ्य आहे. दिवाळीनंतर आम्ही ती टाकलीही, डिस्क जशीच्या तशी उतरवून, फॉरमॅट न करता, आणि मशीन खरोखर पळायला लागलं. पण ती आधी टाकली असती तर काढून टाकलेला तो ड्रायव्हर आजही आत बसून प्रत्येक फाईल अडवत असता आणि वेगापुढे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ‘एफएलटीएमसी’ची कमांड मी त्याला लिहून दिली. त्याने फोनमध्ये तिचा फोटो काढून घेतला.

पेन ड्राइव्ह आता थेट आतल्या मशीनला लागत नाहीत, दाराजवळच्या जुन्यावर आधी तपासले जातात. एका ज्येष्ठ कवींना हे फार लागलं. “माझ्या कवितेत व्हायरस?” असं त्यांनी उभ्या उभ्या विचारलं. कवितेत नव्हता, कवितांच्या शेजारच्या ‘फोटो’ नावाच्या शॉर्टकटमध्ये होता. मी तो पुसून पेन ड्राइव्ह साफ करून दिला, पुढच्या आठवड्यात ते प्रुफाच्या दुरुस्त्या घेऊन आले, आणि मशीनने पुन्हा तोच पकडला. आता त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरकडे कोणी जायचं यावर भाची आणि हार्डवेअरवाला यांच्यात फोनाफोनी चालू आहे.