भिंतीवरचे नाव

भिंत दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. बेगडेवाडीच्या स्थानकावर लोकलची वाट पाहताना खडूने, कोळशाने, खिळ्याने लिहिलेली नावे वाचण्याचा मला नादच आहे. शहाणी माणसे याला विद्रूपीकरण म्हणतात. म्हणोत बापडी! याच लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यात जावे, तर तेथल्या खांबांवरही नावेच! धेनुकाकटाच्या दात्यांची ती नावे सुमारे दोन हजार वर्षे टिकली आहेत. फरक एवढाच, की त्यांनी खांबाचे दान दिले होते.

तिकडे न्यूयॉर्कात एका पोरसवदा निरोप्याने शहरभर 'टाकी १८३' असे लिहून ठेवले. १९७१ मध्ये वर्तमानपत्राने त्याची दखल घेतली आणि पुढे आगगाड्यांचे डबेच्या डबे नावांनी भरून गेले. आपल्याकडे टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. योगायोग गमतीचा खरा!

या वेडाचा आपल्या देशातला वारस म्हणजे दिल्लीच्या भिंतींवर देवनागरीत 'डाकू' लिहून जाणारा चित्रकार. खरे नाव त्याने झाकूनच ठेवले. २०१६ मध्ये त्याने तिथल्या लोधी कॉलनीत एका भिंतीला काटकोनात अक्षरे बसवली. ऊन पडले की त्यांच्या सावलीचे शब्द भिंतीवर उमटतात. सूर्य सरकला की लांबतात, विस्कटतात, मावळतात. २०१८ च्या डिसेंबरात पणजीच्या एका रस्त्यावर त्याने अशीच अक्षरे डोक्यावर टांगली आणि शब्द वाटसरांच्या पायांखाली पडले! आज लिहिलेले नाव उद्या पुसले जाणार, हे ज्याला भिंतींनीच शिकवले, त्यालाच हे सुचावे.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. दर दिवाळीला वडील आम्हा भावंडांना तिथे उभे करून उंची मांडीत. दादाची रेघ सर्वांत वर. तो चौदाव्या वर्षी गेला. त्यानंतर दरसाल सफेदी करताना आई तेवढी वीतभर पट्टी सोडायला लावी.

यंदा आई नाही. रंगाऱ्याने कुंचला थांबवून विचारले, "साहेब, हे ठेवायचं का?"

मी त्या रेघेपाशी बराच वेळ उभा राहिलो. माझे खांदे कधीच तिच्या वर गेले आहेत. पणजीच्या रस्त्यावरची ती अक्षरे आठवली.

"मार हात," मी म्हटले.

चुना ओला होता तोवर रेघ आतून दिसत होती.