रस्त्यालाही आगोट हवी!

मुंबईहून गुहागरला निघालेल्या प्रत्येक गाडीत एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘रस्ता झाला का रे?’ आमच्याही गाडीत तो पनवेलपासून चालू होता. जुलैचा शनिवार, चार मित्र, मागच्या सीटवर वेफर्सची पाकिटं आणि परशुराम घाटात असा पाऊस, की वायपरनेही हात टेकले.

घाटात एका वळणावर ढग जरा बाजूला झाले आणि खाली वाशिष्ठीची खाडी दिसली. हिरव्या कांदळवनातून वळसे घेत चाललेली. सगळे ‘वॉव’ म्हणून मोकळे झाले. घाट उतरल्यावर एका फाट्याला चहासाठी थांबलो. तिथे आतल्या एका रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. डोंगर ताजा कापलेला, जांभ्याची लालभडक माती उघडी. त्यावरून ओघळणारं पाणी थेट ओढ्यात जात होतं, कटिंग चहाच्या रंगाचं. ‘हे कुठे जातं?’ मी टपरीवरच्या मावशींना विचारलं. ‘कुठे जाणार? खाडीत!’ त्या म्हणाल्या. ‘शेणी-लाकडं भरायला आम्ही मे महिन्यात धावतो. यांना पाऊस येणार हे कोणी सांगितलंच नाही वाटतं!’

कोकणात या धावपळीला आगोट म्हणतात. मृगाआधी छप्पर शाकारायचं, सरपण भरायचं, मीठ-मसाला डब्यात घालायचा. मावशींचं वाक्य डोक्यात बसलं, म्हणून फेब्रुवारीत पुन्हा चिपळूणला आलो. या वेळी गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीत बसायला.

ही सफर एकदा तरी कराच. चिखलाच्या उतारावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. आपण त्यांचे फोटो काढतो, त्या आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. होडीवाल्या काकांनी बांबू पाण्यात खुपसला. ‘पूर्वी इथे तो बुडायचा. आता निम्म्यावर टेकतो.’

‘रस्त्यांमुळे?’

‘सगळा दोष रस्त्यांना नका देऊ. डोंगरावरची झाडं गेली, दरडी आल्या, पूर आला. पण उघडी माती म्हणजे उघडीच, कोणी का उघडी करेना.’

22 जुलै 2021च्या महापुरानंतर चिपळूणकरांची मोठी मागणी नदीतला गाळ काढण्याचीच होती. यंत्रं लावून गाळ काढलाही गेला. पण मला प्रश्न पडला, तो आधीच अडवता येत नाही का?

येतो. थोडं विज्ञान सांगते, कंटाळू नका. वाळूचा कण पाण्यात काही सेकंदांत खाली बसतो. बारीक चिकणमातीच्या कणाला स्थिर पाण्यातही मीटरभर खाली यायला तीनेक दिवस लागतात. वाहत्या ओढ्यात तो बसतच नाही. पण खाडीच्या खाऱ्या पाण्यात पोचला की हे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणजे नेमके कांदळवनात! थोडा गाळ कांदळाला हवाच असतो, त्यावरच तो वाढतो. पण एकदम जास्त आला तर तिवराची चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं गाडली जातात आणि झाड गुदमरतं. तळातल्या तिसऱ्यांचंही तेच. म्हणजे काकांच्या होडीपासून आपल्या ताटातल्या तिसऱ्यांच्या सुक्यापर्यंत सगळं एकाच धाग्यात.

उपाय रॉकेट सायन्स नाहीत. पावसाआधी झाकता येईल तेवढाच डोंगर कापायचा. कापलेल्या उताराच्या वर चर खणायचा, म्हणजे वरचं स्वच्छ पाणी उघड्या मातीला न शिवता बाजूने जातं. उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरून गवत पेरायचं. वाळ्याची मुळं तर तीन मीटर खोल जातात. गटारात ठरावीक अंतरावर दगडांचे छोटे बांध घालायचे. पायथ्याशी खुंट्यांवर गाळ अडवणारं कापड ताणायचं, त्याची खालची कड जमिनीत गाडायची आणि साचलेला गाळ वेळोवेळी काढायचा. मात्र हे कापड वाहत्या ओढ्यात आडवं लावून उपयोग नाही, पाणी ते उखडून नेतं.

शेवटी गाळ बसायला तळं. अमेरिकेत एक एकर क्षेत्राच्या पाण्यासाठी 3,600 घनफुटांचं तळं हा रूढ हिशोब आहे, म्हणजे दहा हजार लिटरचे साधारण दहा टँकर. अर्थात, बारीक चिकणमाती तळ्यालाही गुंगारा देते. म्हणूनच पहिला उपाय महत्त्वाचा: माती सुटूच द्यायची नाही. आणि हे काही परदेशी फॅड नाही. रस्त्याकडेच्या उतारांची धूप रोखण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी:56’ ही मार्गदर्शिका आपल्याकडे आहेच.

अडचण वेळेची आहे. 2022च्या एप्रिल-मेमध्ये चौपदरीकरणासाठी परशुराम घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला होता. पावसाआधी उरकायची घाई कुठल्याही रस्त्याला असते. पण त्या घाईच्या यादीत जाळी, चर आणि तळं शेवटी आलं, की जूनचा पहिला पाऊस ते खोडून टाकतो. आणि ही घाई कोणाला असते? ‘रस्ता झाला का रे?’ विचारणाऱ्या तुम्हा-आम्हालाच की!

तेव्हा पुढच्या वेळी कोकणात जाताना आणखी एक प्रश्न गाडीत विचारा: ‘रस्त्याची आगोट झाली का रे?’ रुंदीकरण दिसलं तर पायथ्याच्या ओढ्याचा रंग बघा. लाल असेल तर तारीख आणि ठिकाण टाकून फोटो ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला पाठवा.

परतताना काकांनी पैसे मोजले आणि बांबू होडीत आडवा ठेवला. त्याच्या निम्म्यावर चिखलाची ओली रेघ होती. मगरीचे चाळीस फोटो काढलेत मी. घरी फ्रेम मात्र त्या रेघेच्या फोटोला केली.