तारामती आणि सरस्वतीबाई

खर्डा, ता. जामखेड

चि. छकुलीस,


बाळाला मांडीवर झोपवून तू रात्री ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचे उरलेले तुकडे पाहिलेस आणि पत्रात विचारलेस, “आत्या, तारामती पुरुषासारखी का दिसते गं?”

अगं, तो पुरुषच आहे. अण्णा साळुंके. ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत ते काम करायचे. तारामतीसाठी चित्रपट काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांना बाई मिळेना. चांगल्या घरची सोड, बदनाम वस्तीतलीही येईना. मग नाजूक हातांच्या अण्णांना महिना पंधरा रुपयांवर आणलं. मेलेल्या रोहिदासाच्या दहनाचे पैसेही जवळ नसलेली आई त्यांनी उभी केली.

मला मात्र दुसऱ्याच आईबद्दल सांगायचंय. रोहिदास झालेला भालचंद्र हा फाळक्यांचा मुलगा. त्याची आई सरस्वतीबाई पडद्यावर कुठेच नाही. तिचे दागिने या चित्रपटाच्या खटाटोपात गहाण पडले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक तीच करायची, उन्हात पांढरी चादर धरून चेहऱ्यांवर उजेड पाडायची आणि रात्री पोरं झोपली की अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसायची. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये बायका तारामतीसाठी रडल्या असतील, तेव्हा त्यांना हे कुठून ठाऊक असणार? मला याची फार हळहळ वाटते.

त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात खऱ्या मायलेकी आल्या. नवऱ्यापासून वेगळं होऊन एकटीनं पोरगी वाढवणाऱ्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, लेक कमला मोहिनी. हीच कमला पुढे ऐन तरुणपणी विधवा झाली आणि नाटकांत कामं करून तिनं तीन मुलगे वाढवले. चंद्रकांत गोखले त्यांतलेच, म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांचे वडील.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अशीच एक आई मला भेटली. इथल्या किल्ल्याजवळून ऊसतोडीचा ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, आणि मधोमध एक पोर बाळाला पदराखाली घेऊन बसलेली. मी विचारलं, “किती महिन्यांचं गं?” “तिसरा लागला,” म्हणाली. आता उन्हाळ्यापर्यंत ते बाळ फडाच्या बांधावरच्या झोळीत निजेल. घरातली एक दुलई मी पळत जाऊन तिला दिली. तुझ्या लहानपणीची होती, रागावू नकोस.

डिंकाचे लाडू पाठवलेत. रोज एक खा.

तुझी,
आत्या