आयकराच्या दारी नवराबायको

लग्नात उपरण्याची आणि शालूची गाठ मारतात, ती चारचौघांच्या देखत. आयकर खात्याच्या दारात मात्र ती गाठ सुटते. तिथे नवरा वेगळा, बायको वेगळी. दोघांची विवरणपत्रे वेगळी आणि पगारातून होणारी करकपातही वेगळी.

मी साताऱ्याला नोकरी करतो, पत्नी सांगलीला. मुलगी तिच्यापाशी असते. माहुलीला दिसणारी कृष्णा पुढे सांगलीला जाते, आणि शनिवारी एस.टी.ने मीही जातो. दोन घरे, दोन भाडी, दोन शेगड्या! आमच्या आत्याबाईंना हे मुळीच पसंत नाही. "तिचा पगार भाड्यात नि सरकारच्या करातच जात असेल. सोडू दे की नोकरी!" असे त्या दर दिवाळीला म्हणतात. शेवटी एकदा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

माझा वर्षाचा पगार ९ लाख, तिचा ७ लाख. २०२५-२६ सालच्या नव्या करपद्धतीत पगारदाराला ७५ हजारांची वजावट मिळते, आणि उरलेले उत्पन्न १२ लाखांपर्यंत असले तर कर पडत नाही. घरभाड्याची सवलत या पद्धतीत नाही. पण आम्हा दोघांच्याही पगारातून एक पैसा कापला गेला नाही. हेच १६ लाख एकट्याने मिळवले असते, तर १,१३,१०० रुपये कर झाला असता. ज्या घरी एकटाच मिळवता आहे आणि गृहिणी आजारी सासूसासऱ्यांचे करते, त्या घराला हा हिशेब खुपला तर नवल नाही.

आपल्याकडेही एकदा लग्नाची दखल घेतली गेली होती. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५ साली, विवाहितांना पहिल्या २००० रुपयांवर कर नव्हता, अविवाहितांना १००० रुपयांवर. पुढे तो भेद गेला. अमेरिकेत नवराबायकोला एकत्र विवरणपत्र भरता येते. तिथे नोकरीच्या ठिकाणी तशी नोंद केली की पगारातून कर कमी कापतात. एकट्या मिळवत्याला ते लाभाचे. पण तिथल्या माझ्या भाच्याची बायको नोकरीला लागली, तेव्हा तिचा पहिला डॉलर नवऱ्याच्या मिळकतीवर जाऊन बसला आणि त्याला वरचा दर लागला. आपल्याकडे बायकोचा पहिला रुपया शून्यापासून मोजतात.

सरकार आपल्याला अगदीच परके मानते असेही नाही. मी पैसे देऊन पत्नीच्या नावे ठेव ठेवली, तर तिचे व्याज माझ्याच उत्पन्नात धरतात. तिने आपल्या पगारातून ठेवलेली ठेव मात्र सर्वस्वी तिची. म्हणून दोन्ही घरांचा खर्च आम्ही माझ्या पगारातून चालवतो.

आत्याबाईंनी सारे ऐकून घेतले आणि भलताच प्रश्न विचारला, "म्हणजे तिच्या एकटीच्या नावाचा कागद सरकारात जातो?" मी होय म्हटले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नोकरी सोडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तिने घरी बसून कराचा रुपयाही वाचणार नव्हता. जाणार होते ते तिचे ७ लाख. वाचवायचे होते ते मुलीचे आठवड्यातले पाच दिवस. त्यासाठी कुणी तरी गाव सोडायला हवे, पण ते तिनेच सोडावे असे माझ्या हिशेबात कुठेच निघाले नाही. गेल्या महिन्यात मी सांगलीला बदली मिळावी म्हणून अर्ज दिला आहे.